आखणी आणि आस्वाद : पेणच्या गणेशमूर्तींविषयीचे बोलणे आणि समीक्षेची परिभाषा

रस्त्यावरच्या कलेचा विचार करताना पाश्चात्त्य समीक्षेची आज जी कोंडी झालेली दिसते, तिचे एक कारण असे की, या कलेविषयी सर्वांत अधिक आणि सर्वांत बारकाईने बोलणारे लोक समीक्षक नसतात. ते चाहते असतात. ब्रिस्टलमधून पुढे आलेला आणि स्वतःची ओळख न सांगणारा बँक्सी हा चित्रकार या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. त्याची भिंतींवरील चित्रे, त्याने भरविलेली प्रदर्शने आणि त्याच्या छापील प्रती यांचा माग काढणारा मोठा चाहतावर्ग आहे. कोणत्या भिंतीवर कोणते चित्र केव्हा उमटले, ते कोणी पुसले, फुगा सुटलेल्या मुलीच्या चित्राच्या दीडशे प्रती स्वाक्षरीच्या आणि सहाशे बिनस्वाक्षरीच्या कशा निघाल्या, हा तपशील या मंडळींच्या जिभेवर असतो. विद्यापीठीय समीक्षेने या बोलण्याकडे बराच काळ गप्पा म्हणून पाहिले. चाहत्यापाशी प्रेम असते, मूल्यविवेक नसतो, असे त्यामागचे गृहीतक आहे.

मराठी सौंदर्यविचारातही हे गृहीतक वेगळ्या रूपाने वावरते. ‘रसिक’ हा आपल्याकडे मानाचा शब्द आहे. परंतु आपल्या सौंदर्यशास्त्रातला रसिक बहुधा एकटा आणि मूक असतो. तो कलाकृतीसमोर उभा राहतो, तिचा अनुभव घेतो आणि त्याच्या अनुभवाचे विश्लेषण दुसराच कोणी तरी करतो. त्याने घरी जाऊन शेजाऱ्याशी काय वाद घातला, हे विचारावे असे मर्ढेकरांना वाटले नाही आणि ‘सौंदर्यमीमांसा’सारख्या (१९७४) व्यापक ग्रंथात रा. भा. पाटणकरांनी लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांची जी मांडणी केली, तिच्यातही या वादाला स्वतंत्र स्थान मिळाले नाही. वाचककेंद्री सिद्धान्त आपल्याकडे आल्यानंतर स्टॅन्ली फिशच्या ‘अर्थनिर्णायक समुदाया’चा (१९८०) उल्लेख करण्याची प्रथा पडली खरी, पण तो समुदाय म्हणजे व्यवहारतः एम. ए. चा वर्गच राहिला.

हे गृहीतक तपासून पाहण्यासाठी लंडनच्या किंवा मुंबईच्या भिंती शोधत जाण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन गावांच्या परिसरात गणेशमूर्तींविषयी जे बोलले जाते, ते या प्रश्नाच्या संदर्भात अधिक मोलाचे आहे. रस्त्यावरच्या चित्रकाराच्या चाहत्यांना ज्या तीन गोष्टींविषयी बोलावे लागते, म्हणजे प्रदर्शन, उघड्यावर मांडलेली कृती आणि तिच्या अनेक प्रती, त्या तिन्ही येथे आहेत. मूर्तीचा कारखाना हेच प्रदर्शन असते. चौकातल्या मंडपातली सार्वजनिक मूर्ती रस्त्यावरच्या कोणालाही, तिकिटाशिवाय आणि निमंत्रणाशिवाय, पाहता येते. साच्यातून निघणारी घरगुती मूर्ती ही तर प्रतच होय. शिवाय हे बोलणे सव्वाशेहून अधिक वर्षे चालू आहे, त्यामुळे त्याची परिभाषा मुरलेली आहे.

पेणमधील मूर्तिकामाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला आणि देवधर घराण्याचे नाव त्याच्याशी जोडले जाते. आज पेण शहर आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत यांसारखी तालुक्यातील गावे मिळून शेकडो कारखाने चालतात व त्यांतून दरवर्षी लाखो मूर्ती मुंबई-पुण्याकडे, कोकणात आणि परदेशांतही जातात. ‘कारखाना’ हा शब्द येथे कोणालाही खटकत नाही, ही गोष्ट साहित्यसमीक्षकाने लक्षात ठेवावी. कलाकृती कारखान्यात तयार होते असे म्हटले की, ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात ते लोक प्रतिभेच्या स्वच्छंदतावादी कल्पनेत वाढलेले असतात. पेणकरांच्या बोलण्यात कारखाना आणि कला हे शब्द एकाच वाक्यात सुखाने नांदतात.

मूर्ती पेणमध्ये घडते. तिचे वाचन मात्र रोह्यासारख्या गावांत होते. कुंडलिकेच्या एका काठी रोहा आणि दुसऱ्या काठी अष्टमी. दोन्हीकडे भाद्रपदात घरोघर दर्शनाला आणि आरतीला जाण्याचा परिपाठ आहे. चार दिवसांत माणसाच्या नजरेखालून पाचपन्नास मूर्ती जातात. त्यांतल्या कित्येक एकाच साच्यातल्या असतात. तुलनेसाठी इतकी अनुकूल परिस्थिती ग्रंथालयात बसलेल्या समीक्षकालाही क्वचितच लाभते. या तुलनेतून जे शब्द वापरात आलेले आहेत, त्यांचा अर्थ वरवर वाटतो तितका ढोबळ नाही. ‘सुबक’ म्हटले की अवयवांचे प्रमाण साधले आहे असे सुचते. ‘रेखीव’ हा शब्द कडांविषयी असतो: भुवई, सोंडेचा वळसा, पितांबराची निरी. ‘बैठक’ चांगली आहे असे म्हणताना मूर्तीचा भार पाटावर कसा पडला आहे याचा निर्वाळा दिलेला असतो; सोंड उजवीकडे-डावीकडे वळली तरी पोटाने तो तोल सांभाळला आहे की नाही, हे त्यात येते. ‘गोंडस’ हा शब्द जाणत्याच्या तोंडी पुष्कळदा निम्मी तक्रार असतो. मूर्ती लाडिक झाली, तिच्यात देवपण उरले नाही, असे त्याला म्हणायचे असते. ‘उग्र’ हीदेखील सरसकट निंदा नव्हे. मंडपातल्या दहा फुटी मूर्तीला जो उग्रपणा शोभतो, तो घरातल्या वीतभर मूर्तीला शोभत नाही, हा औचित्यविचार आहे आणि क्षेमेंद्राचे नावही न ऐकलेली माणसे तो अचूक करीत असतात.

परंतु सगळे बोलणे अखेर डोळ्यांपाशी येऊन थांबते. डोळ्यांच्या आखणीला पेणच्या कामात जे स्थान आहे, ते या बोलण्याने दिलेले आहे. माती मळणे, साच्यात दाबणे, जोड बुजविणे, घासणे, अंगरंग देणे, दागिने रंगविणे ही कामे अनेक हातांत वाटली जातात व त्यांतला हात शोधण्याचा प्रयत्न कोणी करीत नाही. आखणी मात्र थोड्याच जणांना येते. पांढऱ्यावर बुबुळ बसविणे, त्याभोवतीची रेषा एका श्वासात ओढणे आणि बुबुळात प्रकाशाचा ठिपका ठेवणे, एवढेच हे काम. ठिपका केसभर सरकला तरी नजर बदलते. ‘गणपती बघतो’ हा या समुदायाचा सर्वोच्च अभिप्राय आहे. याचा अर्थ खोलीत कोठेही बसले तरी मूर्तीची नजर आपल्यावर आहे असे वाटते, आणि ती नजर रोखलेली वाटत नाही. ‘डोळे जमले नाहीत’ हा त्याच्या उलटचा अभिप्राय. एकदा तो दिला गेला की बाकीचे कौशल्य फुकट गेले असे मानले जाते.

हा अभिप्राय मर्ढेकरी लयतत्त्वात बसविता येतो काय? काही अंशी येतो. सोंड आणि पोट, मुकुट आणि कान, सिंहासनाची सरळ पाठ आणि अंगाची गोलाई यांच्यातील संबंधांविषयी लोक जे बोलतात, ते संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयींच्या भाषेत सहज मांडता येईल. परंतु नजर हा आकारातला संबंध नाही. तो पाहणाऱ्याशी जोडलेला संबंध आहे. मर्ढेकरांनी अशा संबंधाला सौंदर्यबाह्य म्हटले असते; आणि रोह्यातल्या आरतीला जमलेल्या माणसांच्या दृष्टीने तो सौंदर्याचा गाभा आहे. येथे ‘ही धार्मिक भावना आहे, सौंदर्यभावना नव्हे’ असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. प्राणप्रतिष्ठा तर प्रत्येक मूर्तीची होते; ज्या मूर्तीचे डोळे जमलेले नाहीत तिचीही होते आणि तिला केलेल्या नमस्कारात काही उणे राहत नाही. भक्ती समान असताना अभिप्राय वेगळा पडतो, यावरूनच अभिप्रायाचे निकष भक्तीचे नाहीत हे सिद्ध होते.

प्रतींचा प्रश्नही असाच वेगळ्या वळणाने येतो. वॉल्टर बेन्यामिनने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात असे मांडले की, यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय मावळते आणि पूजामूल्याची जागा प्रदर्शनमूल्य घेते. महाराष्ट्रातला अनुभव या मांडणीला साथ देत नाही. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा मुद्रणालय सुरू झाले, १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला, आणि छापील देवदेवता थेट देवघरात जाऊन बसल्या. प्रत आहे म्हणून त्यांची पूजा अडली नाही. पेणची साच्यातली मूर्ती याच परंपरेतली आहे. नेल्सन गुडमनने ‘लँग्वेजिस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात केलेला भेद येथे अधिक उपयोगी पडतो. ज्या कलांत अस्सल आणि नक्कल हा फरक महत्त्वाचा असतो त्या एका बाजूला, उदाहरणार्थ चित्रकला. आणि ज्यांत तो फरक संभवतच नाही त्या दुसऱ्या बाजूला, उदाहरणार्थ संगीत किंवा साहित्य. कवितेची अचूक नक्कल ही कविताच असते. पेणची मूर्ती या भेदरेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी आहे. साच्यातून निघेपर्यंत ती कवितेच्या छापील प्रतीसारखी असते; आखणीच्या क्षणी ती चित्र होते. एकाच साच्यातल्या पाच मूर्ती एकाच आळीतल्या पाच घरांत बसल्या, तर पाचांच्या नजरा वेगळ्या असतात आणि आळीला त्या वेगळ्या असल्याचे कळते. गुडमनला हे उदाहरण माहीत असते तर त्याला आपली मांडणी कदाचित थोडी सैल करावी लागली असती.

बँक्सीच्या चाहत्यांचे बोलणे या ठिकाणी दुसऱ्या दिशेला जाते, आणि त्याचे कारण त्यांच्या अभिरुचीत शोधण्यापेक्षा वस्तूच्या आयुष्यात शोधावे. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी लंडनमध्ये सदबीच्या लिलावात फुगा सुटलेल्या मुलीचे त्याचे एक चित्र १० लाख ४२ हजार पौंडांना गेले आणि हातोडा पडताच चौकटीत लपविलेल्या यंत्राने त्याचा अर्धा भाग फाडून टाकला. बाजाराची थट्टा म्हणून या कृतीचे कौतुक झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेच फाटलेले चित्र, ‘लव्ह इज इन द बिन’ या नव्या नावाने, सुमारे १ कोटी ८५ लाख ८२ हजार पौंडांना विकले गेले. नाश हाच एक मूल्यवर्धक ठरला. वस्तू टिकते, हस्तांतरित होते, पुन्हा विकली जाते. म्हणून तिच्याविषयीचे बोलणे हळूहळू प्रमाणपत्र, प्रतीचा क्रमांक आणि भाव यांच्याकडे सरकते. चित्रकाराच्या वतीने अस्सलपणाची ग्वाही देण्यासाठी ‘पेस्ट कंट्रोल’ नावाची संस्था २००८ पासून काम करते, आणि भिंतीवरच्या चित्रांना ती प्रमाणपत्र देत नाही. परिणामी ज्या कृतींमुळे तो रस्त्यावरचा चित्रकार ठरला, त्याच कृती बाजारात अनाथ ठरतात.

पेणच्या मूर्तीचे विसर्जन ही घटना नाही, तो तिच्या रूपाचाच भाग आहे. दीड, पाच किंवा दहा दिवसांनी ती भोगावतीत, कुंडलिकेत किंवा खाडीत जाणार हे माती मळतानाच ठरलेले असते. वापरलेल्या मूर्तीला दुसरा गिऱ्हाईक नसतो. त्यामुळे येथील बोलण्याला संग्राहकाची भाषा कधी आली नाही. याचा अर्थ पेणचा ग्राहक निर्लोभ आहे असा करू नये. तोही घासाघीस करतो आणि मूर्तिकारही उंचीप्रमाणे भाव सांगतो. देशीवादाच्या उत्साहात आपल्याकडील प्रत्येक जुनी गोष्ट बाजाराच्या पलीकडची म्हणून सजविण्याची जी खोड लागली आहे, तिला येथे वाव देण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की, भावाचे बोलणे एका हंगामापुरते असते. विसर्जनानंतर उरते ते मूर्तीविषयीचे मत, आणि त्या मताला आता कोणत्याही वस्तूचा आधार नसतो. पुढच्या वर्षी नव्या मूर्तीची तुलना होते ती अस्तित्वात नसलेल्या मूर्तीशी, केवळ स्मरणाने. अनुपस्थित संहितेवर चाललेली अशी समीक्षा मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासकांना ओळखीची वाटेल.

येथवर या बोलण्याची बाजू मांडली. परंतु त्यात एक मोठी उणीव आहे आणि ती झाकून ठेवल्यास हे विवेचन लोककलांच्या गौरवलेखांच्या रांगेत जाऊन बसेल. हा समुदाय हात ओळखतो. हात कोणाचा हे तो विचारत नाही. ‘हात चांगला आहे’ या वाक्यात हाताला धनी नसतो. कारखान्याच्या फलकावर मालकाचे नाव असते, आणि मूर्ती गावाबाहेर गेली की तेही गळून ‘पेणचा गणपती’ एवढेच उरते. पेण आणि हमरापूर भागातल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांचे कसब मूर्तीवर असते, फलकावर नसते. फूकोने १९६९ च्या व्याख्यानात ‘लेखक’ हे व्यक्तीचे नाव नसून संहितांच्या वर्गीकरणाचे एक कार्य आहे असे दाखविले. त्या अर्थाने पेणमध्ये लेखकाचे कार्य गाव करते. भौगोलिक निर्देशांकासाठी येथील मूर्तिकारांनी केलेला प्रयत्न हा गावाच्या स्वाक्षरीला कायद्याचे रूप देण्याचा प्रयत्न होय, आणि बाहेरच्या मालावर ‘पेण’ हे नाव लावले जात असताना तो समर्थनीय आहे. पण गावाची स्वाक्षरी जितकी ठळक होते, तितका आखणी करणाऱ्याचा हात फिका होतो.

बँक्सीची अनामिकता त्याने निवडलेली आहे, आणि तीच त्याची सर्वांत महाग स्वाक्षरी आहे. आखणी करणारीची अनामिकता कोणी निवडलेली नाही. दोन्हींना ‘कर्त्याचा मृत्यू’ हे बार्तचे एकच शीर्षक लावणे म्हणजे सिद्धान्ताच्या सोयीसाठी मजुरीचा प्रश्न गिळून टाकणे होईल. उत्तर-संरचनावादाने लेखकाला पदच्युत केले तेव्हा ज्याला मुळात पदच मिळाले नव्हते त्याचे काय, हा प्रश्न आपल्या परिसंवादांतून फारसा विचारला गेलेला नाही.

या अनामिकतेचा परिणाम बोलण्याच्या भाषेवरही होऊ लागला आहे. गेल्या काही दशकांत ग्राहक कारखान्यात येतो तो पुष्कळदा नाव घेऊनच येतो: लालबागचा राजा, दगडूशेठ, टिटवाळा. लालबागचे मंडळ १९३४ चे. तेथील मूर्ती अनेक दशके कांबळी कुटुंब घडवीत आले आहे. दूरचित्रवाणीने तो चेहरा घरोघरी नेला आणि पेणच्या साच्यांतही तो आला. आता अभिप्राय असा ऐकू येतो की, मूर्ती ‘हुबेहूब’ झाली. हुबेहूबपणा हा साम्याचा निकष आहे, नजरेचा नाही. प्रसिद्ध चेहऱ्याची प्रत किती तंतोतंत, हे पाहणारा डोळा प्रतीतला वेगळेपणा दोष म्हणून मोजतो. आणि पेणची सारी मौखिक समीक्षा प्रतीतला वेगळेपणा गुण म्हणून मोजण्यावर उभी होती. निकष बदलला की काम बदलते. हुबेहूब डोळ्यांसाठी आखणी करणारा हात लागतो खरा, पण त्या हाताला स्वतःचे काही ठरवायचे उरत नाही.

माध्यमाविषयीच्या वादानेही हे बोलणे आखडले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२० च्या सुधारित तत्त्वांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी सांगितली. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जून २०२५ रोजी अशा मूर्ती घडविण्याची व विकण्याची मुभा दिली, मात्र त्यांचे विसर्जन नैसर्गिक जलस्रोतांत करण्यास मज्जाव केला. उंच मूर्तींना पुढे सवलत मिळाली. पाण्याचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर न्यायालयात बोलले जावे हे योग्यच. परंतु शाडू की प्लास्टर हा प्रश्न केवळ पर्यावरणाचा म्हणून विचारला जातो, तो रूपाचा म्हणून विचारला जात नाही, ही समीक्षेची हार आहे. शाडू जड आणि ठिसूळ. म्हणून शाडूची मूर्ती आवळलेली, हात अंगाशी धरलेली, सोंड पोटावर टेकवलेली अशी घडते. तिची बैठक हा माध्यमाने लादलेला आणि कसबाने गुण करून घेतलेला निर्बंध आहे. प्लास्टर हलके आणि जलद घट्ट होणारे. म्हणून हात सुटे झाले, उंची वाढली, दागिन्यांचा कोरीव तपशील आला. माध्यमाच्या स्वभावातून आकार कसा उगवतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मर्ढेकरांच्या अनुयायांना हाताशी असताना त्यांनी ते उचलले नाही. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे विसर्जनाचे रूपच अपुरे राहते, ही गोष्टही प्रदूषणाच्या आकड्यांत मावणारी नाही.

भ्रमणध्वनीवरील छायाचित्रांनी आणखी एक बदल घडविला आहे. मागच्या वर्षीची मूर्ती आता स्मरणात शोधावी लागत नाही, ती खिशात असते. तुलना अधिक अचूक झाली; पण छायाचित्रात नजर एका जागी गोठते, आणि ‘गणपती बघतो’ या अभिप्रायाची परीक्षा खोलीत फिरल्याशिवाय होत नाही. चित्र पाहून मूर्ती पसंत करणाऱ्या दूरच्या ग्राहकाला म्हणूनच रंग आणि दागिने अधिक दिसतात, डोळे कमी.

पेण, पनवेल, उरण या भागांत भाद्रपद वद्य चतुर्थीला साखरचौथीचा गणपती बसतो, ही प्रथा महाराष्ट्रात इतरत्र फारशी आढळत नाही. मुख्य उत्सवात मूर्तिकारांना उसंत नसल्यामुळे ती रूढ झाली असे सांगितले जाते. हंगामभर दुसऱ्यांसाठी काम केलेले लोक त्या दिवशी स्वतःच्या मूर्तीसमोर बसतात. तेथे ग्राहक नसतो, उंचीचा भाव नसतो, आणि आखणी कोणाची हे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. रोह्याच्या आळीत जो हात निनावी राहतो, त्याचे नाव घेऊन गुणदोष सांगण्याची सोय या दीड दिवसात आहे. मराठीच्या संशोधक विद्यार्थ्यांनी वही घेऊन जावे असे ते ठिकाण आहे, आणि विसर्जनाआधी जावे.